जिभलीची दुसरी फांदी

कमलाकांत मानकरांना किळस यायची. कशाची यायची, असं विचारू नका. कशाची यायची नाही तेवढं विचारा, उत्तर लवकर संपेल. ट्रामच्या दांडीला लागलेल्या परक्या घामाची यायची. हॉटेलातल्या कपाच्या कानाची यायची, म्हणून स्वतःचा कप रुमालात गुंडाळून न्यायचे. ठाकूरद्वारच्या नाक्यावर कुणी पचकन थुंकलं की हा गृहस्थ पाटलोण दोन बोटांनी उचलून समोरच्या फुटपाथवर जायचा. घरी आलं की दोन बादल्या कढत पाणी, आणि तरीही ताटावर बसताना दोन्ही पंजे नाकाशी. "येतोय का ग वास?" असं बायकोला, यशोदाबाईंना, विचारायचे. त्या म्हणायच्या, "न्हाणीतनं आत्ताच निघालात ना? मग जेवा की गुमान." पंचवीस वर्षं हेच चाललं होतं.

आणि असा माणूस नोकरीला कुठे? तर परळच्या एका इस्पितळात, मेलेल्या माणसांची फुप्फुसं चितारायला! काय म्हणावं याला?

मानकर जातीचे प्रभू, ठाकूरद्वारचे जुने रहिवासी. वडील सचिवालयात कारकून. पोराच्या हातात कला आहे म्हणून त्यांनी त्याला चित्रशाळेत घातलं. पोराला मोत्यांचे सर ल्यायलेल्या पारशिणींची तैलचित्रं काढायची होती. काही वर्षं काढलीही. मग लढाई पेटली, पारशिणींनी चित्रं काढून घ्यायचं बंद केलं, आणि 'हंगामी चित्रकार पाहिजे' अशी इस्पितळाची जाहिरात वाचून मानकर परळला गेले. दोन महिन्यांसाठी गेले होते. सत्तावन्न साल उजाडलं, त्यांना तिथे चौदा वर्षं झाली.

काम असं. शवागारातून फुप्फुसाची जोडी यायची. दगडू नावाचा पन्नाशीचा शिपाई ती धुवायचा. मग शेंदूर आणि सरस एकत्र कढवून तो लाल रबडा फुप्फुसाच्या रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून फुप्फुसात रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीत, पिचकारीनं भरायचा. शेंदरात शिसं असतं. एक्स-रे काढला की रोहिणीची फांदी न् फांदी पांढरीशुभ्र उमटायची. मग फुप्फुस उभं चिरून आतली वाट ताडून बघायची, आणि मानकरांनी ती कागदावर उतरवायची. लालबागच्या कुंकूवाल्या गांध्याकडून शेंदूर दगडूच आणायचा आणि त्यातला चिमूटभर वाटेतल्या मारुतीला लावून यायचा. सरसाचा तो दर्प, त्यात फॉर्मालीन, त्यात बाकीचं. शी! मानकर रुमालाला खसाचं अत्तर लावून बसायचे आणि दगडूला म्हणायचे, "लांब धर रे, लांब धर." दगडू म्हणायचा, "साहेब, लांब धरला तर दिसंल काय तुमास्नी?"

खरं सांगायचं तर मानकरांना वासापेक्षाही जास्त किळस कशाची असेल, तर पसाऱ्याची. फुप्फुसं एकसारखी नसतात हो. डाव्या फुप्फुसाचे दोन भाग. वरच्या भागाचं खालचं टोक जिभेच्या शेंड्यासारखं पुढे आलेलं. डॉक्टर लोक त्याला लॅटिनमध्ये जीभच म्हणतात, दगडूनं त्याची 'जिभली' केली, आणि मग सगळा विभाग जिभलीच म्हणायला लागला. या जिभलीला रक्त देणारी फांदी मागून येते, दोन भागांच्या मधल्या फटीतून. बहुतेकांची तशी येते. पण पाचात एखादा असा निघतो, की त्याची मागची फांदी असते बारकी, आणि दुसरी एक दांडगी फांदी पार पुढून, वरच्या खोडापासून निघून, शिरेच्या आड दडून जिभलीत उतरते. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. मानकर चिडायचे. "निसर्गाला काही वळणच नाही," म्हणायचे, जसं काही निसर्ग त्यांच्या हाताखालचा उमेदवार कारकून होता.

म्हणून त्या दोघांची आपली एक रीत पडली होती. मागून फांदी येणारी फुप्फुसं ती 'शहाणी'. त्यांची चित्रं शाईत व्हायची. बाकीची 'वेडी'. त्यांचं वहीत पेन्सिलीनं खरडून ठेवायचं आणि फुप्फुस दाराशी असलेल्या पत्र्याच्या बादलीत. दगडू तिला वेड्यांची बादली म्हणायचा. ही रीत वाईट आहे असं चौदा वर्षांत कुणालाही वाटलं नाही. उलट त्या शहाण्यांमधून मानकरांनी एक मोठं रंगीत चित्र केलं, आणि काय चित्र होतं ते! एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. छातीचे सर्जन डॉक्टर शरच्चंद्र गुप्ते यांनी ते काचेच्या चौकटीत बसवून ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर टांगलं. विद्यार्थी त्यावरून शिकायचे, बाहेरगावचे डॉक्टर नक्कल मागायचे. खाली कोपऱ्यात 'क. मानकर' अशी सही. त्या सबंध इमारतीत मानकरांना किळस न येणारी तेवढी एकच वस्तू होती.

मग, सहा वर्षांपूर्वी, एक नवी तपासणी आली. जिवंत माणसाच्या दंडातल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवायची, एक औषध जोरात ढकलायचं आणि धडाधड फिल्म घ्यायच्या. जिवंत माणसाची रोहिणी फिल्मवर दिसायची, पण कशी? बरगड्या, शिरा, हृदयाची सावली, सगळं एकमेकांत कालवलेलं. त्यातून फांदी ओळखावी ती मानकरांनीच. त्यांच्या डोळ्यांना वर्षानुवर्षांचा सराव. गुप्ते डॉक्टर फिल्म उजेडावर धरून दोन मिनिटं बघायचे आणि म्हणायचे, "मानकर, काढून आणा." मानकर पारदर्शक कागदावर रोहिणी उतरवायचे. फिल्म पिवळ्या पाकिटात घालून फडताळात जायची, पुन्हा कुणी तिच्याकडे बघायचं नाही. थिएटरच्या भिंतीवर लागायचा तो मानकरांचा कागद, मोठ्या चित्राच्या शेजारी. आणि दुसऱ्यांच्या अंगठ्यांचे डाग पडतात म्हणून तो लावायला टोपी-मुसकं बांधून मानकर स्वतः जायचे.

पहिल्या पहिल्या कागदांपैकी एकावर त्यांनी पुढून येणारी एक फांदी काढली होती. गुप्ते डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? नक्की आहे का?"

"सावली आहे. असावी, असं वाटतं."

"वाटतं ते काढू नका. मला ऑपरेशन करायचंय मानकर, जंगलात वाट शोधायची नाहीये. तुमचं ते चित्र बघा कसं स्वच्छ आहे. असलं काहीतरी द्या."

हे म्हणजे मानकरांच्या मनातलंच बोलणं. तेव्हापासून कागद स्वच्छ झाले.

बाहेर मुंबईत त्या दिवसांत दुसरीच धामधूम होती. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे मानकरांच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं लिहून ठेवलं होतं. मानकरांना मागणी पटत होती. अक्षर बघवत नव्हतं. ते घासून काढायला गेले तर खालच्या मजल्यावरचे रघुवीर प्रधान म्हणाले, "कमलाकांत, लोकांनी छातीवर गोळ्या खाल्ल्या, आणि तुम्ही वेलांट्या कसल्या बघता?" मानकर गप्प घरात आले आणि हातांचं डांबर सुटेपर्यंत रॉकेलनं घासत बसले.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर राधाबाई इस्पितळात आल्या. लालबागच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायला होत्या. पंचेचाळिशीच्या, काटक, तोंडानं फटकळ. मोर्च्यात खांद्यावर पोलिसाची लाठी खाल्लेली, आणि ते कुणीही न विचारता सांगायची सवय. दुखणं लहानपणच्या डांग्या खोकल्यातलं. जिभली आतून नासली होती. रोज सकाळी वाटीभर हिरवा कफ पडायचा, मधून मधून रक्त, आणि त्याला असा वास की देवा रे! खात्यातल्या बायकांनी त्यांच्याशेजारी काम करायला नकार दिला, म्हणून नोकरी गेली. सुनेनं गॅलरीत वेगळं अंथरूण घातलं, वेगळं ताट दिलं. वॉर्डातसुद्धा त्यांची खाट शेवटची, संडासाच्या दाराशी. "नातू सव्वा वर्साचा झाला, येकदाबी मांडीवर घेतला न्हाय," असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. गुप्ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, नासका तुकडा तेवढा काढून टाकू, मग वास राहणार नाही. एवढ्या एका बोलण्यावर ती बाई छाती फाडून घ्यायला निघाली होती.

त्यांची फिल्म मानकरांच्या टेबलावर आली त्या दुपारी त्याही मागोमाग आल्या. हातात झाकणाचं थुंकीचं भांडं.

"माजा फोटो तुमच्याकडं आलाय म्हनं?"

मानकरांनी रुमाल नाकाला लावला. लपवावं एवढंही भान राहिलं नाही.

"धरा, धरा. लाजू नका. समदेच धरत्यात," राधाबाई म्हणाल्या आणि खुशाल वाकून काचेवरची फिल्म बघायला लागल्या. "ह्ये माजं काळीज व्हय?"

"फुप्फुस. बाई, तुम्ही वॉर्डात जा बघू."

"आन तुमी ह्येचा नकाशा काढताय?"

"हो."

"मग मुंबई घातलेला येक महाराष्ट्राचा काढा की! दिल्लीवाल्यांना काय जमंना बगा." आणि आपल्याच बोलण्यावर त्या हसल्या. हसता हसता खोकला आला. भांड्याचं झाकण निघालं.

मानकर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. कागदावर मागची फांदी उतरवून झाली होती. पुढून येणारी दुसरी फांदी फिल्मवर होती. ती मानकरांना दिसली होती. हे इथेच स्पष्ट सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कुणीतरी म्हणेल की बिचाऱ्याला दिसलीच नसेल. चांगली ठसठशीत दिसली होती. पण खोकला थांबेना, वास खोलीभर झाला, आणि मानकरांनी मनाशी म्हटलं, शीर असेल, सावली असेल, डॉक्टरांना नकोच असतं. तीन रेघांत कागद पुरा केला, सही ठोकली आणि बाईंच्या आधी तेच खोलीबाहेर पडले.

तो सोमवार. ऑपरेशन बुधवारी होतं.

मंगळवारी सकाळी दगडूनं एक डावं फुप्फुस चिरलं आणि हाक मारली. "साहेब, ह्ये पन येडंच. बादलीत टाकू?"

मानकरांनी लांबूनच बघितलं. पुढून उतरणारी, शेंदरानं भरलेली, करंगळीएवढी जाड फांदी. कालच्या फिल्मवर होती तश्शीच.

दगडू हात धूत धूत म्हणाला, "मी म्हनतो साहेब, मेल्यावर चिरलं म्हनून आपल्याला कळलं. जित्या मानसात डागदर काय करत आसतील?"

"जित्या माणसात डॉक्टर माझं चित्र बघतात," मानकर म्हणाले. आणि ते वाक्य स्वतःच्या कानांवर पडलं तसे ते स्टुलावर बसले.

त्यांनी ऑपरेशनं पाहिली होती. जिभली काढायची म्हणजे फटीत जाऊन मागची फांदी बांधायची, तोडायची आणि जिभली हातात धरून वर उचलायची. पुढे दुसरी फांदी आहे हे ठाऊकच नसेल तर? तर उचलता उचलता ती खोडापासून उपटणार. चिमटा लावायला जागा नाही, वेळ नाही. दोन मिनिटांत छाती रक्तानं भरते.

असं झालेलं होतं. गेल्या श्रावणात चंपा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी टेबलावरच गेली. जिभलीचंच ऑपरेशन. 'रक्तस्राव आवरला नाही' असं कागदावर लिहिलं, आणि रक्तवाहिन्याच कुजक्या होत्या असं गुप्ते डॉक्टर म्हणाले. मुलीची आई व्हरांड्यात कपाळ बडवत होती तेव्हा मानकर, खरं तेच सांगतो, तिच्या केसांतल्या कोंड्याकडे बघून बाजूनं निघून गेले होते.

ते उठले, फिल्मच्या फडताळाशी गेले आणि आधी राधाबाईंचं पाकीट काढलं, मग चंपाचं. चंपाची फिल्म उजेडावर धरली. पुढची फांदी तिथे होती. मुद्दाम शोधायचीही गरज नव्हती. पाकिटातच त्यांचा कागद घडी करून ठेवलेला. त्यावर मागची एक फांदी, सुरेख, लयदार, आणि पुढे कोरा कागद. कोपऱ्यात 'क. मानकर'.

मानकर मोरीशी गेले आणि भडभडून ओकले. दगडू पाठीवरून हात फिरवायला आला तर म्हणाले, "शिवू नकोस मला." दगडूला वाटलं, नेहमीचंच.

दोन्ही फिल्म घेऊन ते तसेच गुप्ते डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टर चहा घेत होते. दुसऱ्या दिवशी मद्रास-कलकत्त्याचे चार सर्जन त्यांचं ऑपरेशन बघायला येणार होते, त्यांच्या नावांची यादी पुढ्यात होती.

"डॉक्टर, राधाबाईंचा कागद चुकलाय. पुढून फांदी आहे. मोठी आहे."

गुप्त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली. "शीर आहे ही."

"शीर नाही. मी चौदा वर्षं बघतोय."

"चौदा वर्षं बघताय, आणि चित्रात कधी दाखवली नाहीत! भिंतीवरचं चित्र कुणाचं आहे मानकर? माझं? त्या चित्रात नाही, कागदावर नाही, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्हाला साक्षात्कार होतोय. घरी सगळं ठीक आहे ना?"

मानकरांनी चंपाची फिल्म पुढे केली. तीही डॉक्टरांनी पाहिली. या वेळी जरा जास्त वेळ पाहिली. मग ती स्वतःच्या हातानं पाकिटात घातली, पाकिटाची कड नीट केली, आणि पाकीट मानकरांकडे सरकवलं.

"हे होतं तिथे ठेवून द्या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "त्या कागदावर सही तुमची आहे, हे विसरू नका. उद्या पाहुण्यांसमोर मला गोंधळ नकोय. बिस्किट घ्या."

डॉक्टरांची नखं गुलाबी होती, कापलेली, घासलेली, कुठे मळाचा कण नाही. मानकरांना जन्मात पहिल्यांदा स्वच्छ नखांची किळस आली. इतकी आली की बशीतल्या बिस्किटाकडे बघवेना. हा माणूस! आणि याच्या एका 'वा'साठी आपण सहा वर्षं माणसांच्या छातीतून फांद्या पुसत होतो. कोण जास्त घाणेरडं, हा हिशेब काही जमेना, आणि जमवायला वेळही नव्हता. बाई उद्या टेबलावर जाणार होती.

राधाबाईंना जाऊन सांगावं? सांगितलं असतं तर ऑपरेशन नको म्हणून ती घरी गेली असती, गॅलरीतल्या अंथरुणावर. वरच्या साहेबांकडे जावं? ते गुप्ते डॉक्टरांच्याच पंगतीतले. मानकर खोलीत परत आले. राधाबाईंचा कागद समोर घेतला, शाईची दौत उघडली आणि पुन्हा बंद केली. बारीक काळ्या रेघेकडे डॉक्टर बघणारच नाहीत.

"दगडू, सरस उरलाय का?"

"हाय की. शेंदूर बी हाय."

मानकरांनी त्या लाल रबड्यात ब्रश बुडवला आणि कागदावर पुढची फांदी काढली. जाडजूड, ओबडधोबड, कड ओघळलेली. आयुष्यात एवढी गलिच्छ रेघ त्यांनी ओढली नव्हती. वास तर असा की कागद उचलवेना. दगडू बघतच राहिला. "साहेब, ब्येस दिसतंय," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी नेहमीसारखे टोपी-मुसकं बांधून ते थिएटरात गेले. तो कागद लावला. मोठ्या चौकटीपाशी गेले, क्षणभर उभे राहिले, आणि खिळ्यावरून चौकट काढून तिचं तोंड भिंतीकडे करून जमिनीवर ठेवली. राधाबाई टेबलावर निजल्या होत्या, गुंगी चढत होती. मानकर नेहमी कागद लावून निघून जायचे. त्या दिवशी दाराशी उभे राहिले.

गुप्ते डॉक्टर हात वर धरून आत आले, मागून चार पाहुणे. डॉक्टरांची नजर भिंतीवर गेली. मुसक्यावरचे डोळे तेवढे दिसत होते. त्या डोळ्यांनी मानकरांना तिथल्या तिथे जाळलं असतं.

"हे काढा," ते मराठीत म्हणाले.

मानकर हलले नाहीत. नोकरी डोळ्यांसमोरून सरकत होती, पण हलले नाहीत. "मी काढणार नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला सांगा."

पाहुण्यांपैकी एक म्हातारे मद्रासी सर्जन चष्मा सावरत कागदाजवळ गेले आणि कौतुकानं इंग्रजीत विचारू लागले, ही पुढची फांदी तुम्हाला आधीच दिसली? इतकी ठळक? आम्ही तर एकदा हिच्यापायी रोगी गमावला.

आता 'नाही' म्हणायचं तरी कसं, आणि 'हो' म्हणायचं तरी कसं? पण गुप्ते डॉक्टर हुशार माणूस. "माझा तसा अंदाज आहे," ते म्हणाले. "आधी पुढून बघू या."

पुढून बघितलं. शिरेच्या आड फांदी होती, पेन्सिलीएवढी, धडधडत होती. डॉक्टरांनी ती सावकाश सोडवली, दोन ठिकाणी बांधली, मधे कापली. हात मात्र सोन्याचा होता, हे कबूल केलं पाहिजे. मग मागची बांधली आणि नासकी जिभली अलगद उचलून बाहेर काढली. "मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, पुढे बघायला विसरू नका," असं ते पाहुण्यांना सांगत होते. मानकर बाहेर व्हरांड्यात आले आणि मुसकं काढून भिंतीला टेकले. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी.

नवव्या दिवशी दगडू निरोप घेऊन आला. "लालबागवाली बाय तुमास्नी बोलावतीया. तिला मी समदं सांगितलं. फिल्म तुमी बगितली, कागुद तुमी बदलला."

"सगळं?"

"म्हंजे, मला म्हाईत हाय त्येवढं."

राधाबाईंची खाट आता खिडकीशी होती. उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर नातू. सून शेजारच्या स्टुलावर बसली होती, पदर नाकाला न लावता. पोरगं आजीच्या गळ्यातल्या काळ्या पोतीशी खेळत होतं. मानकर खाटेपासून दोन हातांवर थांबले. तिथपर्यंत काही वास आला नाही.

"या, जवळ या. लांबून काय बगताय?" राधाबाई म्हणाल्या. "सूनबाई, ह्येच त्ये. ह्येंच्या हातानं मी वाचले." आणि मानकरांचा उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला.

मानकरांनी चटका बसावा तसा हात मागे ओढला.

राधाबाईंचं तोंड उतरलं. इतका वेळ हसणारी बाई एकदम म्हातारी दिसायला लागली. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "अजून येतो का हो वास?"

"नाही! नाही हो बाई," मानकर म्हणाले, आणि त्यांना रडूच फुटलं. पन्नाशीला आलेला, कडक इस्त्रीच्या कोटातला माणूस वॉर्डभर बायकांदेखत रडायला लागला. "तुम्हाला कसला वास? हात माझा घाण आहे. तुमची फांदी मला पहिल्याच दिवशी दिसली होती. मी काढली नाही. तुम्ही खोकत होता म्हणून मला खोलीतून पळायचं होतं. आणि तुमच्या आधी एक मुलगी होती, चंपा. एकोणीस वर्षांची. तिचीही दिसली होती. तिचीही नाही काढली. ती गेली."

सून स्टुलावरून उठून उभी राहिली. पोरगं मानकरांकडे बघून हात पुढे करत होतं. राधाबाईंनी ते आपल्या अंगाशी ओढलं.

"तिची आई हाय?"

"आहे. नाक्यावर भाजी विकते. येता-जाता ट्राममधून दिसते."

"रोज?"

"रोज."

"तिला सांगितलंत?"

मानकरांनी मान हलवली. नाही.

"मग मला कशाला सांगताय?" राधाबाई म्हणाल्या. मानकरांचा हात धरलेले आपले दोन्ही हात त्यांनी चादरीला पुसले, एकदा, दोनदा, आणि नातवाला घेऊन भिंतीकडे तोंड केलं.